पांढरे छप्पर : धाब्यापासून हवामान-धोरणापर्यंत

शहरांतील छपरे पांढरी केली तर सूर्याची उष्णता परतवता येईल आणि त्यायोगे पृथ्वीची तापमानवाढ काही अंशी लांबणीवर टाकता येईल, हा विचार धोरणाच्या भाषेत रुजला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या एका प्रयोगशाळेतून. परंतु छप्पर कशाचे करावे, त्यावर कशाचा लेप द्यावा आणि खालच्या माणसाचा उन्हाळा कसा सुसह्य करावा, याचा विचार त्याहून कितीतरी जुना असून तो निरनिराळ्या प्रदेशांतील गवंडी, सुतार आणि कुंभार यांनी आपापल्या परीने केलेला होता. या दोहोंच्या मध्ये सुमारे दीडशे वर्षांचा एक कालखंड येतो आणि पांढऱ्या छपराच्या इतिहासात खरे महत्त्व त्या मधल्या कालखंडालाच द्यावे लागते. कारण सामान्य माणसाचे छप्पर असह्य तापू लागले ते याच काळात, कारखान्यातून बाहेर पडलेल्या स्वस्त, हलक्या आणि पातळ साहित्यामुळे.

दख्खनच्या पठारावर, विशेषतः मराठवाडा, सोलापूर, खानदेश आणि पश्चिम विदर्भ या कमी पावसाच्या पट्ट्यात, सपाट मातीच्या छपरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. त्यांना कोठे धाब्याची घरे म्हणत, कोठे माळवदाची. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर दाटीने मांडलेल्या चिरफळ्या, त्यांवर पाल्याचा थर आणि सर्वांत वर चोपून बसवलेली माती, अशी या छपराची रचना असे, आणि दरवर्षी नव्या मातीची भर पडत गेल्याने जुन्या घरांत हा थर हात-दीड हातापर्यंतही वाढलेला दिसे. वरचा थर शेतातल्या काळ्या मातीचा कधीच घालीत नसत, कारण काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. त्यासाठी गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरची किंवा पडक्या गढीची फिकट, राखट रंगाची पांढरी माती आणीत, जी पाणी सहसा आत झिरपू देत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर माती टाकून ती दाबून घेणे हे शेतीच्या मशागतीइतकेच ठरलेले काम होते. हा सारा खटाटोप पाण्यासाठी होता, उन्हासाठी नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण जुन्या बांधकामाविषयी लिहिताना पूर्वजांना आजचे विज्ञान अवगत असल्याचे ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि जाड मातीला तापायला वेळ लागतो. दुपारचे ऊन त्या थरातून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर घरातली माणसे अंगणात किंवा त्याच धाब्यावर झोपण्याच्या तयारीत असतात. फिकट रंगामुळे जे थोडेफार ऊन परतत असे ते या मुख्य गुणात पडलेली भर एवढेच.

वाड्यांच्या गच्च्यांची गोष्ट वेगळी होती. तेथे चुना, वाळू, विटांचे तुकडे आणि भिजवलेल्या हिरड्याचे किंवा गुळाचे पाणी यांचे मिश्रण कित्येक दिवस थापटून जो कोबा केला जाई, त्याचा पृष्ठभाग खरोखरच पांढरा असे आणि तो पांढरा राहावा म्हणून त्यावर चुन्याचा हात फिरवला जाई. मात्र ही सोय ऐपतवाल्यांची होती. कोकणात मुसळधार पावसामुळे सपाट छपराचा प्रश्नच नव्हता. तेथे गवताची किंवा नळीच्या कौलांची उतरती छपरे होती, आणि १८६५ मध्ये बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर कारखानी कौले हळूहळू सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौल लाल असले तरी कौलांच्या फटींतून वारा खेळतो आणि उतरत्या छपराखाली हवेचा मोठा पोकळ भाग राहतो, त्यामुळे तेथे रंगाचे महत्त्व दुय्यम ठरले.

पांढऱ्या छपराचे जगातील सर्वांत शिस्तबद्ध उदाहरण अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटांवर आढळते. तेथे नद्या नाहीत. पिण्याचे पाणी म्हणजे छपरावर पडलेला पाऊस. अठराव्या शतकाच्या आरंभी झालेल्या चक्रीवादळांनंतर तेथील वसाहतवाल्यांनी ताडपानांची छपरे सोडून स्थानिक चुनखडीच्या दगडाच्या पायऱ्यांसारख्या उतरत्या छपरांचा अवलंब केला आणि पाणी शुद्ध राहावे म्हणून त्यांवर चुना दिला. ते पाणी घराखालच्या टाक्यांत उतरते, आणि छपराने पाऊस साठवलाच पाहिजे असा तेथे कायदाही आहे. येथेही उन्हापासून बचाव हा हेतू नव्हता, तो पदरी पडलेला लाभ होता.

रंग आणि उष्णता यांचा संबंध शास्त्राच्या भाषेत मांडला गेला तो अठराव्या शतकात. योहान हाइनरिश लाम्बर्ट या गणितज्ञाने १७६० मध्ये प्रकाशमापनावरील आपल्या लॅटिन ग्रंथात एखादा पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परत फेकतो हे सांगणारी ‘अल्बेडो’ ही संज्ञा वापरली. मराठीत तिला परावर्तकता म्हणता येईल. पूर्ण काळ्या पृष्ठभागाची परावर्तकता शून्य, सर्व प्रकाश परतवणाऱ्याची एक, आणि ढग, बर्फ, समुद्र, वाळवंट यांचा मिळून पृथ्वीचा आकडा सुमारे ०.३. पुढच्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनने एका पत्रात आपल्या एका साध्या प्रयोगाचे वर्णन केले: निरनिराळ्या रंगांचे कापडाचे तुकडे उन्हातल्या बर्फावर ठेवले असता काळा तुकडा सर्वांत खोल रुतला आणि पांढरा मुळीच रुतला नाही. त्यावरून त्याने उष्ण प्रदेशात काळे कपडे घालणे अयोग्य असल्याचा निष्कर्ष काढला. माणसाच्या कपड्यांपर्यंत पोहोचलेला हा तर्क घराच्या छपरापर्यंत पोहोचायला मात्र दोनशे वर्षे लागली. शहर स्वतःच उष्णता साठवते, ही दुसरी बाजू ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधनिर्मात्याने उजेडात आणली. ढगांना आजची नावे देणारा हाच गृहस्थ. लंडनच्या हवामानावरील त्याच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१८ ते १८२० या काळात निघाली आणि १८३३ मध्ये ती वाढवून पुन्हा प्रसिद्ध झाली. शहरातली आणि आसपासच्या खेड्यांतली तापमाने वर्षानुवर्षे नोंदवून त्याने दाखवले की रात्री लंडन आसपासच्या मुलखापेक्षा सरासरीने ३.७ अंश फॅरनहाइट अधिक उबदार असते. यालाच पुढे ‘नागरी उष्णताद्वीप’ म्हटले जाऊ लागले.

हॉवर्डचा ग्रंथ छापला जात होता त्याच काळात, त्याच लंडनमध्ये, छपराचा इतिहास बदलणारी गोष्ट घडली. गोदीचे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. पत्र्याला पन्हळी घातल्या की तो पातळ असूनही वाकत नाही, म्हणून कमी लाकडावर मोठे छप्पर उभे राहते. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा लेप देण्याची पद्धत पेटंट केल्यावर तो गंजेनासाही झाला. वसाहतींच्या साम्राज्याला असे साहित्य हवेच होते. जहाजात रचून नेता येणारा, कोणत्याही मजुराला ठोकता येणारा हा पत्रा गोदामे, रेल्वेची आवारे आणि छावण्या यांच्या मार्गाने भारतात आला, आणि ब्रिटनमधून निर्यात होणाऱ्या जस्ती पत्र्यांची भारत ही एक मोठी बाजारपेठ बनली. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियात लुडविग हाटशेक यांनी सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांचा पत्रा शोधल्यावर त्यात आणखी एका स्वस्त प्रकाराची भर पडली, ज्याला मराठीत सरसकट सिमेंटचा पत्रा म्हणतात.

पत्र्याचा दोष समजून घेण्यासाठी परावर्तकतेच्या जोडीला दुसरी एक संज्ञा लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे उत्सर्जकता. तापलेला पृष्ठभाग आपली उष्णता अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो आणि ती किती सहजपणे टाकतो यावर तो किती लवकर निवतो हे ठरते. नवा जस्ती पत्रा चकाकतो, म्हणजे तो बरेचसे ऊन परतवतो. परंतु उघड्या धातूची उत्सर्जकता फार कमी असल्याने जे ऊन त्याने शोषले ते त्याला सहज बाहेर टाकता येत नाही, आणि चकाकी गेल्यावर तर तो ऊनही कमी परतवतो. चुन्याचे तसे नाही. तो ऊनही परतवतो आणि उष्णताही सोडतो. म्हणूनच चकचकीत पत्र्यापेक्षा चुना मारलेला पत्रा थंड राहतो, ही गोष्ट विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्यावर चुना मारणाऱ्यांना, किंवा त्यावर तुराट्या आणि कडबा पसरणाऱ्यांना, कोणत्याही संज्ञेवाचून ठाऊक होती. पत्र्याची एक बाजू मात्र न्यायाने मांडली पाहिजे: पातळ असल्याने तो सूर्यास्तानंतर लवकर निवतो, तर सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब दिवसभर प्यालेली उष्णता रात्रभर खाली सोडत राहतो. दुपारी पत्रा आणि रात्री स्लॅब अशी शहरी उन्हाळ्याची वाटणी झाली.

मुंबईसारख्या शहरात स्लॅबच्या गच्च्यांवर गळती थांबवण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे तुकडे जडवण्याची रीत बांधकाम व्यवसायात रूढ झाली. ठेकेदार तिला ‘चायना मोझेक’ म्हणतात. हेतू पुन्हा पाण्याचाच. पुढे भारतीय शहरांच्या उष्णता-आराखड्यांनी थंड छपराच्या मान्य पद्धतींत तिची नोंद केली, आणि गळतीवरचा एक जुना इलाज हवामान-धोरणाच्या यादीत जाऊन बसला.

धाब्याचा शेवट मात्र उन्हाने किंवा पावसाने झाला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील बहुतेक जण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि छपरावरचा मातीचा थर अंगावर कोसळून गेले. जो थर उन्हाळ्यात आसरा होता तोच त्या पहाटे मृत्यूला कारण झाला. त्यानंतर पुनर्वसित गावांत काँक्रीटची घरे आली, आणि आसपासच्या गावांतही अनेक कुटुंबांनी भीतीपोटी धाबे उतरवून पत्रे टाकले. हा निर्णय पूर्णपणे शहाणपणाचा होता, आणि तरीही त्याची किंमत दर उन्हाळ्यात मोजावी लागली. जुन्या बांधकामाचे सरसकट गुणगान करणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात घेतल्या पाहिजेत.

कॅलिफोर्नियातील कथा निराळ्या कारणाने सुरू झाली. एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी असलेले कणभौतिकीचे अभ्यासक आर्थर रोझेनफेल्ड १९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊर्जा-बचतीकडे वळले, आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या मध्यास नागरी उष्णताद्वीपाचा अभ्यास करणारा गट उभा राहिला, ज्याचे नेतृत्व पुढे हाशेम अकबरी यांनी केले. त्यांना सतावणारा प्रश्न विजेचा होता: अमेरिकेतील दुकाने, शाळा आणि गोदामे यांची सपाट छपरे डांबराची, म्हणजे जवळजवळ काळी होती, आणि त्यांच्याखालची खोली थंड करण्यासाठी वातानुकूलन यंत्रे राबत होती. जुलै १९९५ मधील शिकागोच्या उष्णतेच्या लाटेने या प्रश्नाला माणसाचा चेहरा दिला. सातशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत काळ्या छपरांच्या इमारतींतील वरच्या मजल्यांवर एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा होता. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या इमारत-संहितेत सपाट छपरांच्या बिगरनिवासी इमारतींसाठी परावर्तक छपराची अट घातली, आणि २००९ मध्ये न्यूयॉर्क शहराने स्वयंसेवकांकरवी छपरे रंगवण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

त्याच २००९ साली हा विषय एकदम जागतिक झाला. अकबरी, सुरभी मेनन आणि रोझेनफेल्ड यांनी एका निबंधात असा हिशोब मांडला की जगातील शहरांच्या छपरांची परावर्तकता ०.२५ ने आणि रस्त्यांची ०.१५ ने वाढवली, तर त्याने होणारी थंडाई हवेतून ४४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड काढून घेण्याइतकी असेल. शंभर चौरस मीटरच्या एका काळ्या छपराच्या वाट्याला यांतील सुमारे दहा टन येतात. अमेरिकेचे तत्कालीन ऊर्जामंत्री, नोबेल पारितोषिकविजेते स्टीव्हन चू यांनी लंडनमधील एका परिषदेत हा हिशोब जगातील सर्व मोटारी अकरा वर्षे रस्त्यांवरून काढून घेण्याशी ताडून सांगितला आणि वृत्तपत्रांना मथळा मिळाला. मथळ्यात एक गोष्ट हरवली: हे ४४ अब्ज टन दरवर्षी वाचणारे नव्हते, एकदाच मिळणारी सूट होती, आणि तीसुद्धा छपरे कायम पांढरी राहिली तरच टिकणारी. चिमण्यांतून धूर निघत राहिला तर काही काळाने ही सूट संपणार, हे लेखकांनाही मान्य होते.

आक्षेप लवकरच आले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क जेकबसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय अभ्यासात असे दाखवले की छपरे पांढरी केल्याने शहरे थंड होतात, परंतु जमिनीवरून वर जाणारी उष्ण हवा कमी झाल्याने ढग घटतात, वर परतलेला प्रकाश हवेतील काजळीचे कण शोषून घेतात, आणि जगाच्या पातळीवर निव्वळ परिणाम किंचित तापमानवाढीचाही असू शकतो. बर्कलीच्या गटाने या निष्कर्षाला विरोध केला आणि हा वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. तत्पूर्वी २०१० मध्ये अमेरिकेतील कीथ ओलेसन आणि त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासात सर्व छपरे पांढरी केल्यास नागरी उष्णताद्वीप सरासरीने एक तृतीयांशाने घटते असे दिसले होते. थंड देशांत मात्र हिवाळ्यात घर तापवण्याचा खर्च वाढतो, हेही त्यातच नोंदवलेले होते. प्रत्यक्ष भूमीवरचा सर्वांत बोलका पुरावा अभावितपणे मिळाला तो स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात. तेथे भाजीपाल्यासाठी प्लास्टिकच्या हरितगृहांचा अफाट पसारा उभा राहिला आणि उन्हाळ्यात रोपे करपू नयेत म्हणून शेतकरी त्या प्लास्टिकला चुना मारू लागले. १९८३ ते २००६ या काळात आसपासचा स्पेन तापत असताना हा पट्टा दर दशकाला सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने थंड होत गेल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा की पांढऱ्या पृष्ठभागाचा स्थानिक परिणाम निःसंशय आहे आणि जागतिक परिणाम अत्यंत संदिग्ध आहे. शहरे भूपृष्ठाचा एवढा लहान हिस्सा व्यापतात की त्यांच्या छपरांवर पृथ्वीच्या तापमानाचा भार टाकणे मुळातच अतिशयोक्तीचे होते.

भारतात या कल्पनेने जी दिशा घेतली ती म्हणूनच अधिक वास्तववादी ठरते. २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने कमी उताराच्या छपरांसाठी किमान ०.७० परावर्तकता आणि ०.७५ उत्सर्जकता यांची अट घातली. हैदराबादमध्ये बर्कलीचा गट आणि तेथील इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी यांनी केलेल्या मोजणीत काळी छपरे पांढरी केल्याने थंडाव्यासाठी लागणारी वीज १४ ते २६ टक्क्यांनी आणि साधी काँक्रीटची छपरे पांढरी केल्याने १० ते १९ टक्क्यांनी घटली. मात्र वातानुकूलन यंत्र असलेल्या इमारतीचे वीजबिल हा भारतीय छपराचा मुख्य प्रश्न नव्हे. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती-आराखडा तयार झाला आणि २०१७ मध्ये वस्त्यांतील सुमारे तीन हजार घरांच्या छपरांना चुना देण्याचा प्रयोग त्यात सामील झाला. महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी याच वस्त्यांत, घरात बसून शिवणकाम किंवा विड्या वळण्याचे काम करणाऱ्या बायकांच्या दृष्टीने हा प्रश्न पाहिला, कारण दुपारी पत्र्याखाली हात चालेनासा झाला की त्या दिवसाची मजुरीही बुडते. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये स्वतंत्र थंड-छप्पर धोरण जाहीर करून २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरे परावर्तक करण्याचे लक्ष्य ठरवले.

प्रयोगशाळा दरम्यान पुढे गेल्या आहेत. २०१४ मध्ये स्टॅनफर्डमधील आस्वत रामन आणि सहकाऱ्यांनी भर उन्हात आसपासच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंशांनी थंड राहणारा पृष्ठभाग तयार केला, आणि २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात बेरियम सल्फेटपासून ९८ टक्के ऊन परतवणारा रंग बनला. कोणताही रंग धूळ, काजळी आणि शेवाळ यांपुढे टिकत नाही, हे मात्र मुंबईच्या एका पावसाळ्यानंतर कोणत्याही गच्चीवर पाहता येते. चुना तर दरवर्षीच द्यावा लागतो. भाड्याच्या खोलीच्या पत्र्यावर खर्च घरमालकाने करायचा आणि उकाडा भाडेकरूने सोसायचा, अशी व्यवस्था असल्याने तो खर्च बहुधा होत नाही. २००७ ची संहिता मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी होती, ती वस्तीतल्या पत्र्याच्या घराला लागू होत नव्हती. महाराष्ट्रातील महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईसाठी अंदाजपत्रकात रक्कम ठेवतात. तशीच रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये वस्त्यांतील पत्र्यांना चुना देण्यासाठी ठेवली जावी, आणि ते काम कोणत्याही जागतिक हिशोबाची वाट न पाहता दरवर्षी केले जावे.